बटण दाबलं की घंटा कुणाकडे वाजते?

ऑफिसच्या वॉशरूममध्ये दाराच्या मागे एक तक्ता लावलेला असतो बघा, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला, सकाळी ८ ते रात्री ८, दर तासाला एक चौकोन आणि त्यात सही. मी चार वर्षं तो तक्ता छापून घेत होते, कारण ॲडमिनमध्ये होते आणि हे असलं सगळं ॲडमिनकडेच येतं. सकाळी साडेदहाला आत जाऊन बघा, संध्याकाळी पाचपर्यंतच्या सह्या झालेल्या असतात, एकाच पेनाने, एकाच दमात, शेवटच्या तीन-चार तर सह्या पण नाहीत, नुसत्या शेपट्या. खाली बेसिनवर साबणाचा डबा रिकामा, दाबला की नुसता खोकतो. तक्ता खोटा आहे हे सगळ्यांना माहितीय, सही करणाऱ्याला, सुपरवायझरला, मला, माझ्या साहेबांना, तरी तो दर महिन्याला फाईलला लागतो आणि त्याच्यावर एजन्सीचं बिल पास होतं.

त्यामुळे वायरलेस बटणाचा माणूस डेमो द्यायला आला तेव्हा मी खूश झाले होते, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं म्हणजे मशीनचा राग असलेल्या बाईचं रडगाणं वाटायचं.

वस्तू तशी साधी. साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा, भिंतीला चिकटवायचा, त्यावर चार बटणं आणि शब्दांऐवजी चित्रं, एक साबणाचं, एक टिश्यूचं, एक ओल्या फरशीचं, एक भरलेल्या डस्टबिनचं. दाबलं की लॉबीच्या फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेल्या रिसीव्हरला निरोप जातो आणि तिथून हाउसकीपिंगच्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं, 'चौथा मजला, लेडीज, साबण'. काम झालं की त्याने आपलं कार्ड डब्याला टेकवायचं, तक्रार बंद. किती वाजता दाबलं, किती वाजता बंद झालं, सगळं सेकंदाच्या हिशोबाने कॉम्प्युटरवर. माझ्या डोक्यात पहिली शंका रेंजची आली, कारण आपल्याकडे बिल्डिंगमध्ये संडास कायम मधल्या गाभ्यात, लिफ्टच्या बाजूला, डक्टला लागून, चारही बाजूंनी काँक्रीट आणि पाण्याचे पाईप, तिथे मोबाईलला एक कांडी आली तरी नशीब. पण तो म्हणाला हे वायफायवर नाहीच चालत, भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरायला मोकळा आहे त्याच्यावर चालतं, खालची फ्रिक्वेन्सी असल्यामुळे भिंतीतून जास्त जाते, आणि निरोप चार अक्षरांचा असल्यामुळे सेल पण लवकर संपत नाही. आणि खरंच चाललं हो, बेसमेंटमधूनसुद्धा.

आणि फायदा झाला, खोटं कशाला बोलू. साबणाचा तर झालाच, पण खरा फायदा झाला तो चौथ्या बटणाचा. लेडीजमधला पॅड टाकायचा डबा भरला की आमच्याकडे काय व्हायचं, तर काहीच नाही व्हायचं. सुपरवायझर म्हणजे पंचविशीतला एक मुलगा, चांगला होता बिचारा, पण त्याला जाऊन कोण सांगणार की दादा तो डबा भरलाय? एवढ्या शिकलेल्या मुली, कोडमध्ये एक स्वल्पविराम चुकला तर सतरा जणांना ईमेल टाकणाऱ्या, पण या बाबतीत पेपरात गुंडाळून डब्याच्या शेजारी जमिनीवर ठेवून निघून जायच्या, आणि त्यात मी पण आले. बटणाला तोंड नसतं, ते लाजत नाही आणि तुम्हालाही लाजवत नाही. दाबा आणि चालू पडा. पहिल्याच आठवड्यात सगळ्यात जास्त दाबलं गेलेलं बटण तेच होतं. इतकी वर्षं तो डबा कोण कधी रिकामा करायचं हे आम्हाला माहीतच नव्हतं, आणि विचारायची सोयही नव्हती.

तर मग माझं भांडण काय आहे? भांडण दुसऱ्या महिन्यात सुरू झालं, जेव्हा पहिला रिपोर्ट छापून आला.

चौथ्या मजल्यावर ज्या मावशी होत्या (नाव नाही लिहीत, त्यांना आवडणार नाही) त्यांच्या नावावर सगळ्यात जास्त तक्रारी निघाल्या, बाकीच्या मजल्यांच्या तिप्पट, आणि बहुतेक सगळ्या ओल्या फरशीच्या. करारात ओळ होती की तक्रार इतक्या मिनिटांत बंद नाही झाली आणि महिन्यात इतक्याच्या वर गेल्या तर एजन्सीच्या बिलातून दंड. ती ओळ मीच टाईप केली होती, फार हुशारीने. दंड एजन्सीला झाला, एजन्सीने तो सुपरवायझरवर ढकलला, सुपरवायझरने मावशींच्या पगारातून दोन खाडे धरले. पाणी जसं उतारावर वाहतं तसा दंड वाहतो, थेट खालपर्यंत.

गंमत अशी की पाणी मात्र उतारावर वाहत नव्हतं. मी वर जाऊन बघितलं, तोपर्यंत गेले नव्हते हे माझं चुकलंच. दुसऱ्या संडासातला फ्लश टँक झिरपत होता, अगदी बारीक, कमोडच्या मागून ओघळ यायचा. आणि फरशीचा ढाळ उलटा. म्हणजे कोपऱ्यात जाळी आहे, प्लंबर लोक ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, त्या ट्रॅपकडे पाणी जायलाच तयार नाही, ते दाराकडे येतं, दारातून बेसिनखाली येतं आणि तिथे तळं होतं. मावशी वायपर घेऊन ते पाणी चढावर ढकलत जाळीत नेऊन सोडायच्या, मॉप मारायच्या, कार्ड टेकवायच्या, आणि बादली कपाटात ठेवेपर्यंत परत तळं. परत कुणीतरी बटण दाबायचं. दिवसात दहा-दहा वेळा. मी विचारलं, मावशी तुम्ही सांगितलं का नाही कुणाला? त्या म्हणाल्या, "सांगितलं की, सुपरवायझरला दोनदा सांगितलं. तो म्हणला ते काम आपलं नाही, बिल्डिंगचं आहे." आणि त्याचंही खरंच होतं, कारण टाइल फोडून ढाळ परत करायचा तर तो खर्च जागामालकाने करायचा की भाड्याने घेतलेल्या कंपनीने, यावर दोन्हीकडच्या लोकांची पत्रापत्री वर्षभर चालू होती.

म्हणजे बघा, त्या यंत्रणेला हे कळत होतं की मावशी चार मिनिटं दहा सेकंदांनी आल्या. फरशीचा ढाळ चुकलाय हे तिला कळत नव्हतं, कारण तसं बटणच नव्हतं. चारही बटणं एकाच मनगटावर वाजत होती. टाकी गळते, ढाळ उलटा, पंपाला प्रेशर नाही, टँकर आला नाही, मागच्या महिन्यापासून साबणाची ऑर्डर पर्चेसमध्ये अडकलीय, या सगळ्याचं भाषांतर ते यंत्र एकाच वाक्यात करतं: बाई आली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. बटण लावा, जरूर लावा, पण घंटा कुणाकडे वाजते ते आधी ठरवा. आज जिथे जिथे असल्या यंत्रणा लागतायत तिथे घंटा नेमकी त्याच माणसाकडे वाजते ज्याच्या हातात सगळ्यात कमी आहे.

ही गोष्ट नुसत्या काचेच्या बिल्डिंगमधली नाही म्हणून लिहितेय. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर संडासाच्या बाहेर टचस्क्रीन लावले तेव्हा जगभर कौतुक झालं, तुम्ही चेहरा निवडायचा, हसरा की रडका, आणि स्क्रीनवर तिथल्या सफाई कर्मचाऱ्याचा फोटो. हसऱ्या-रडक्या बटणांचा धंदा करणारी हॅपी ऑर नॉट नावाची कंपनी फिनलंडमध्ये २००९ साली निघाली आणि आता ती बटणं कुठेही दिसतात. मला त्या फोटोचं कायम अवघडायला होतं. नळ बिघडलाय आणि रडका चेहरा मिळतोय फोटोतल्या बाईला. ज्याने तो नळ स्वस्तात घेतला त्याचा फोटो लावा ना कधीतरी.

आपल्या रेल्वेचं उदाहरण त्या मानाने मला जास्त शहाणपणाचं वाटतं. २०१६ साली सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना 'क्लीन माय कोच' सुरू झालं, ५८८८८ वर एसएमएस करायचा, त्यात पीएनआर आणि कामाचं एक अक्षर. सफाईला एक अक्षर, पाण्याला वेगळं, किरकोळ दुरुस्तीला वेगळं. हे वेगळं अक्षर फार महत्त्वाचं आहे. एलएचबी म्हणजे नव्या धाटणीच्या स्लीपर डब्यात ८० बर्थ आणि ४ संडास, त्यातली टाकी रिकामी झाली तर गाडीत फिरणारा हाउसकीपिंगचा पोरगा काय करणार, तो काय खिशातून पाणी काढणार आहे? पाणी पुढच्या पाणी भरायच्या स्टेशनवरच मिळणार, म्हणजे तो निरोप स्टेशनला गेला पाहिजे, पोराला नाही. आणि दुसरी गोष्ट, प्रवाशाला मेसेजमध्ये एक कोड यायचा, काम पटलं की तो कोड कर्मचाऱ्याला द्यायचा, मगच तक्रार बंद. बंद करायची किल्ली ज्याने तक्रार केली त्याच्याकडे. आमच्या ऑफिसात किल्ली होती कार्ड टेकवणाऱ्याकडे, म्हणजे दारामागचा तक्ताच, फक्त सहीच्या जागी टीक-टीक. प्रत्यक्ष गाडीत काय अनुभव येतो ते ज्याचं त्याला माहीत, आता बरंचसं रेलमदद ॲप आणि १३९ नंबरवर गेलंय, पण कागदावरचा विचार तरी बरोबर होता.

आणि आता ताजं घ्या. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने योजना काढली, टोल नाक्यावरचा घाणेरडा संडास दिसला की त्यांच्या ॲपवर फोटो टाका, खरा निघाला तर फास्टॅगमध्ये १००० रुपये. एका संडासासाठी दिवसाला एकच बक्षीस, पेट्रोल पंप आणि ढाबे त्यात नव्हते, तेव्हा मुदत होती महिनाअखेरीपर्यंत. व्हॉट्सॲपवर लगेच सुरू, 'चला फिरायला, संडास बघायला'. मी पण हसले. पण मग डोक्यात हिशोब यायला लागला की फोटो काढणाऱ्याला एका क्लिकचे १००० आणि तोच संडास आठ तास घासणाऱ्याला दिवसाला किती? आणि गाडी नसलेल्या माणसाला, एसटीने जाणाऱ्या बाईला, यात जागाच नाही, कारण बक्षीस गाडीच्या नंबरावर. तक्रार करणं हा सुद्धा आपल्याकडे गाडीवाल्यांचा हक्क होऊन बसला की काय.

इथे कोणीतरी म्हणेल की बाई, पैसे भरतो आम्ही, सेवा नीट नाही मिळाली तर तक्रार करायची नाही का, का प्रत्येक वेळी सफाईवाल्याच्या घरची परिस्थिती विचारत बसायचं? बरोबर आहे. मी तक्रार करू नका म्हणतच नाहीये, उलट आपल्याकडे संडासाची तक्रार कमीच होते, विशेषतः बायकांकडून. मुंबईत 'राइट टू पी' वाल्या बायका २०११ पासून ओरडतायत की बायकांना फुकट आणि सुरक्षित मुतारी द्या, म्हणजे आमची लढाई अजून जागेचीच चाललीय, बटण फार लांबचं. आणि कुठल्याही ठिकाणी कामचुकार माणसं असतातच, सहा तास मोबाईल बघत बसणारे मी पण बघितलेत, त्यांना घड्याळ थरथरलेलं बरंच. पण तक्रार जर पोचायलाच हवी असेल तर ती योग्य पत्त्यावर गेली पाहिजे ना. चुकीच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र हजार वेळा टाकलं म्हणून पोचत नाही.

आणि आपल्याकडे या पत्त्याच्या गोंधळाला एक जुना वास आहे, तो बोलायचा टाळून चालणार नाही. घाण साफ करणं हे एका ठरावीक जातीत जन्मलेल्या माणसाचं काम, बाकीच्यांनी फक्त हाक मारायची. बटण म्हणजे तीच हाक, फक्त आवाज नसलेली. १९३२ साली कोकणातले गांधीवादी आप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते, त्यांनी हट्ट धरला की मला भंगीकाम द्या, तेव्हाचा शब्द तोच. तुरुंगवाले म्हणाले वरच्या जातीच्या कैद्याला ते काम देता येत नाही. बघा काय नियम, शिक्षा म्हणून खडी फोडायला लावतील पण हे काम मागूनही देणार नाहीत. आप्पांनी त्यासाठी उपोषण केलं आणि त्यांच्या पाठिंब्याला येरवड्यातून गांधींनीही डिसेंबरमध्ये उपोषण धरलं. पण मला आप्पासाहेबांचं पुढचं काम जास्त मोठं वाटतं, त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करणारे संडास बांधले. नुसतं 'मी पण झाडू मारतो' म्हणून थांबले नाहीत, झाडू मारायची वेळच कशी येणार नाही ते बघितलं. त्यांनी खड्डाच बदलला. आमच्याकडे इतकं महागडं यंत्र आणूनही टाइल फोडायची हिंमत कुणाला झाली नाही.

सरकारी पातळीवर तर हे फार लवकर अंगावर येणार आहे. २०२५ च्या प्रयागराज कुंभात सुमारे दीड लाख संडास उभे केले होते आणि त्यांच्यावर क्यूआर कोड लावून देखरेख ठेवली होती. २०२७ ला आपल्या नाशिकला सिंहस्थ. तिथे पण क्यूआर येणार, ॲप येणार, कंट्रोल रूममध्ये मोठ्या पडद्यावर लाल-हिरवे ठिपके येणार, मंत्री येऊन ते बघणार. क्यूआरबद्दल माझं एक साधं गाऱ्हाणं आहे, ओल्या हाताने, लुगड्याचा ओचा सावरत, कोणती आजी मोबाईल काढून कोड स्कॅन करणार आहे? तिथे भिंतीवरचं जाड प्लास्टिकचं बटणच पाहिजे, चित्रवालं, कोपराने दाबता येईल असं. पण ते जाऊ दे. लाल ठिपका दिसल्यावर फोन कुणाला जातो हा खरा प्रश्न आहे. मैला उपसणारी गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याला जातो, का तिथे मास्क लावून उभ्या असलेल्या रोजंदारीच्या माणसाला? त्याच्या हातात एक झाडू आणि फिनाईलची बाटली. टाकी भरून वर आली तर त्याने काय करायचं, आणि खरं म्हणजे त्याने काय करता कामा नये, ते तर हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात लिहिलेलंच आहे, सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला त्यात उतरवायचं नाही.

मी टेंडर लिहिलेत म्हणून टेंडरच्या भाषेत सांगते. एक, ज्या तक्रारीला माणूस लागतो आणि ज्या तक्रारीला दुरुस्ती लागते त्यांची बटणं वेगळी आणि घंटा पण वेगळ्या फोनवर. दोन, एकाच जागेवरून एकच तक्रार दिवसात तीनदा आली की ती सफाईची तक्रारच नाही असं धरायचं आणि चौथ्यांदा ती आपोआप वरच्या माणसाकडे जायची, मॅनेजर असो नाहीतर वॉर्ड ऑफिसर. हे कॉम्प्युटरला शिकवायला अर्धा दिवस पण लागत नाही, मी विचारलंय. आणि तिसरं जे मला सगळ्यात उशिरा सुचलं, म्हणजे सुचलं नाहीच, मावशींनीच सुचवलं.

मी एकदा त्यांना म्हटलं, तुमच्या घड्याळाचा त्रास होतो का? त्या म्हणाल्या, "घड्याळाचं काय नाय हो मॅडम, वाजलं तर जाते. पण आमचं फिनाईल संपलं तर आम्ही कुठलं बटण दाबायचं?"

त्यांच्याकडे खरंच काही नव्हतं. हातमोजे फाटले, मॉपचा दांडा तुटला, कपाटाला कुलूप आणि किल्ली दुसऱ्या पाळीवाली घरी घेऊन गेली, तर सुपरवायझर दिसेपर्यंत थांबायचं. आणि स्वतःला जायचं असेल तर? कित्येक बिल्डिंगमध्ये ज्या बायका दिवसभर मजल्यावरचे संडास धुतात त्यांनी ते वापरायचे नाहीत असा न लिहिलेला नियम असतो, त्यांनी खाली पार्किंगमधल्या संडासात जायचं, जिथे बटण नसतं. आमच्याकडे पण तसंच होतं. मी कधी विचारलं नव्हतं, विचारल्यावर मला कुणी हो पण म्हणालं नाही आणि नाही पण म्हणालं नाही.

ढाळाचं काम मी असेपर्यंत झालं नाही. फ्लश टँकचा वॉशर मात्र मी माझ्या पेटी कॅशमधून बदलून घेतला, प्लंबरला वीस मिनिटं लागली, तक्रारी एकदम निम्म्यावर आल्या आणि पुढच्या रिपोर्टात त्याचं श्रेय एजन्सीच्या 'ट्रेनिंग'ला मिळालं. खाडे परत मिळवायला मात्र दीड महिना आणि अकरा ईमेल लागले.

आणि एक डबा शिल्लक होता, स्पेअर म्हणून आलेला. तो मी चौथ्या मजल्यावरच्या हाउसकीपिंगच्या कपाटात आतल्या बाजूला चिकटवला आणि त्याची घंटा माझ्या फोनवर जोडून घेतली. साहेबांना सांगितलं नाही. आठवडाभर काही वाजलं नाही, मी विसरून पण गेले. मग एका दुपारी मीटिंगमध्ये फोन थरथरला, चौथा मजला, मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर पळाले, धापा टाकत. मावशी कपाटाजवळ उभ्या.

"काय झालं मावशी?"

"काय नाय. वाजतंय का बघत होते."

"वाजतंय की."

"मग ऐका आता," त्या म्हणाल्या आणि बोटं मोजायला लागल्या, हातमोजे दोन्ही उजव्या हाताचेच आलेत, फिनाईलमध्ये पाणी असतंय, मॉपला कापडच नाही राहिलं, आणि पार्किंगमधल्या संडासाला आतून कडी नाही.